सेवाग्रामचें आवार

बाग हा शब्द उच्चारला कीं आपल्या मनांत कांहीं ठराविक चित्रें उभीं राहतात. दोरी धरून आंखलेले वाफे, कुंड्यांच्या रांगा, मधोमध कारंजें, हिरवळीवर पाऊल ठेवूं नये अशी पाटी, आणि ती पाटी वाचून मुद्दाम हिरवळीवर जाणारीं मुलें. जेथें जेथें यात्रेकरूंची व प्रवाशांची सोय केलेली असते, तेथें तेथें थोड्याफार फरकानें हीच मांडणी आढळते. मग तें स्थळ एखादा दुर्ग असो, लेणें असो, कीं एखाद्या थोर पुरुषाचें राहतें घर असो. वर्ध्याच्या पूर्वेस सुमारें आठ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम आश्रमाचें आवार या नियमाला अपवाद आहे. येथें बारा महिने माणसांची वर्दळ असते, शाळांच्या सहली येतात, दूरदेशींचे पाहुणे येतात. परंतु त्यांचे डोळे निवावेत एवढ्याचसाठीं मांडलेलें असें येथें फारसें कांहीं दिसत नाहीं. आणि तरीहि, किंबहुना त्यामुळेंच, आम्हीं आजवर पाहिलेल्या अनेक नामांकित उद्यानांपेक्षां हें आवार अधिक सावकाश पाहण्याजोगें आहे, असें आमचें मत झालें आहे.

आम्ही गेलों तो फाल्गुनाचा आरंभ होता. वऱ्हाड-नागपूरकडील उन्हाळा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना हा महिना निवडण्याचें कारण सांगावयास नको. वैशाखांत येथें सकाळीं दहानंतर घराबाहेर पडणें म्हणजे शिक्षाच. फाल्गुनांत मात्र हवेंत सकाळच्या प्रहरीं गारवा असतो, आणि रस्त्याच्या दुतर्फा पळस फुललेला असतो. कापसाची वेंचणी आटोपून शेतांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. तूर निघालेली होती. काळ्या जमिनीला बारीक भेगा पडूं लागल्या होत्या. ही काळी माती पावसाळ्यांत लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यांत दगडासारखी फुटते. ती ध्यानांत ठेवून आवारांत शिरावें, म्हणजे तेथील पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

या जागेचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. स्वराज्य मिळाल्यावांचून साबरमतीला परत येणार नाहीं, असा निश्चय करून गांधीजी १९३० च्या मार्च महिन्यांत दांडीयात्रेस निघाले. पुढें जमनालाल बजाज यांच्या आग्रहानें ते वर्ध्यास आले आणि कांहीं काळ मगनवाडींत राहिले. परंतु ग्रामोद्योगाचा उपदेश शहरांत बसून करणें त्यांना पटेना. ३० एप्रिल १९३६ रोजीं ते सेगांव या खेड्यांत राहावयास आले. या गांवची मालगुजारी बहुतांशीं जमनालालजींकडे होती. वस्तींत त्या वेळीं अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या लोकांचें प्रमाण मोठें होतें. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यांत गाडीचीं चाकें आंसापर्यंत चिखलांत रुतत. आणि हिंवतापानें गांव गांजलेला होता. त्या हिंवतापानें गांधीजींनाहि सोडलें नाहीं. त्याच वर्षीं भाद्रपदाच्या सुमारास त्यांना वर्ध्याच्या इस्पितळांत हलवावें लागलें होतें. पुढें गजानन महाराजांच्या शेगांवाशीं नामसादृश्य असल्यामुळें टपालाचा घोटाळा होऊं लागला, म्हणून १९४० सालीं या गांवचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. नागपुराकडून येणाऱ्यांस आज सेवाग्राम नांवाचें रेल्वे स्थानकहि लागतें. पूर्वीं तें वर्धा-पूर्व या नांवानें ओळखलें जात असे.

मूळ बेत आश्रम काढण्याचा नव्हताच. खेड्यांत एकट्यानें राहावें, अशी गांधीजींची इच्छा होती. ती कितपत पुरी झाली हें आवारांतील झोपड्यांची संख्या पाहिली कीं कळतें! एकामागून एक माणसें येत गेलीं आणि प्रत्येकासाठीं कोठें तरी छप्पर घालावें लागलें. म्हणून येथें शिल्पकारानें कागदावर काढलेला आराखडा शोधूं नये. सगळें माणसांच्या गरजेनुसार वाढत गेलें आहे. कोणाचें दार कोणाकडे तोंड करून आहे, कोणाच्या ओसरीपासून कोणाची ओसरी किती पावलांवर आहे, यांत त्यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास आहे. पाट्या वाचण्यापेक्षां हीं अंतरें पायांनीं मोजीत हिंडावें, असें आम्ही आमच्या वाचकांस सुचवूं.

पहिली वास्तु ती आदिनिवास. घर स्थानिक कारागिरांनीं गांवच्याच सामानांतून बांधावें आणि पांचशें रुपयांवर खर्च होऊं नये, अशी अट गांधीजींनीं घातली होती. मातीच्या भिंती, बांबू, लांकडी खांब आणि वर कवेलू. एवढ्यावर काम भागविलें. आरंभीं गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, येणारेजाणारे पाहुणे, सर्व याच एका घरांत राहत असत. खान अब्दुल गफार खानांसारख्या पाहुण्यांचाहि मुक्काम येथेंच पडे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या भगिनींना एवढें वाक्य वाचूनच पुढचें कळलें असेल. पुरुषमंडळींची ऊठबस चोवीस तास चाललेली, आणि घरच्या बाईला घटकाभर पाठ टेकावयाला कोपरा नाहीं! कस्तुरबांची ही कुचंबणा जमनालालजींच्या ध्यानांत आली आणि त्यांनीं त्यांच्यासाठीं वेगळी कुटी बांधून दिली. ती बा-कुटी. खोली लहानशीच, ओसरीहि बेताची. परंतु ज्या स्त्रीनें साठ वर्षांच्या संसारांत बहुतेक काळ दुसऱ्यांच्या वर्दळींत काढला, तिच्या नांवाचें हें एक दार आहे. आमच्याबरोबरच्या बायका बापू-कुटीपेक्षां येथें अधिक वेळ रेंगाळल्या, यांत नवल नाहीं.

बापू-कुटी मुळांत गांधीजींसाठीं बांधलेली नव्हती. ती मीराबेननीं आपल्यासाठीं उभारली होती. मीराबेन म्हणजे एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याची कन्या मॅडेलीन स्लेड. गांधीजी येथें राहावयास येण्यापूर्वींच त्या या गांवांत येऊन काम करूं लागल्या होत्या. भिंतीवर ओल्या मातीनें उठावदार चित्रें काढण्याचा त्यांना छंद होता. ताडाचें झाड, चरखा, अशीं त्यांच्या हातचीं चित्रें अजून पाहावयास मिळतात. पुढें ही कुटी गांधीजींची झाली. पागोळी इतकी खालीं आहे कीं उंच माणसाला आंत जातांना मान लववावी लागते. तें नम्रतेसाठीं नव्हे, तर उन्हासाठीं आहे. खालपर्यंत आलेलें छप्पर, सारवलेली जमीन, जाड मातीच्या भिंती आणि भोंवतालचीं झाडें यांच्यामुळें आंत आणि बाहेर यांत जाणवण्याइतका फरक पडतो. चटई, बसण्याची बैठक, बुटकें मेज. खोलींत पाहण्यासारखें एवढेंच. इव्हान इलिच हा पाश्चात्य विचारवंत १९७८ सालीं येथें आला असतां या झोपडींत बराच वेळ बसून राहिला आणि नंतरच्या आपल्या व्याख्यानाचा विषयच त्यानें ही कुटी केला. माणसाचें राहतें घर आणि सामानसुमान ठेवण्याची वखार यांत भेद कोणता, हा त्याचा प्रश्न होता. आमच्या दिवाणखान्यांतील कांचेचीं कपाटें आठवून आम्हांस तो प्रश्न थोडा झोंबला, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

येथें जपून ठेवलेल्या वस्तूंत दोन वस्तु मुलांना विशेष आवडतात. एक, साप धरण्याचा लांब दांड्याचा चिमटा व सापाला ठेवण्याची पेटी. आवारांत साप निघे. तो मारावयाचा नाहीं, धरून दूर रानांत नेऊन सोडावयाचा, असा दंडक होता. दुसरी वस्तु म्हणजे दूरध्वनि. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशीं वेळप्रसंगीं बोलतां यावें म्हणून सरकारनें या खेड्यापर्यंत तार ओढली. ज्या गांवाला धड रस्ता नाहीं त्या गांवाला दिल्लीशीं बोलण्याचें यंत्र; आणि त्याच्या जवळपासच सापाची पेटी! या दोहोंचा एका आवारांतील शेजार पाहून आमच्या बालगोपाळांनीं जे प्रश्न विचारले, त्यांतील अर्ध्यांचीं उत्तरें आम्हांपाशीं नव्हतीं.

आतां झाडांविषयीं. आवाराची खरी शोभा तीच. कडुनिंब तर जिकडे तिकडे आहेच. त्या भागांत माणसाला उन्हापासून वांचविणारा याच्याइतका भरंवशाचा सोबती दुसरा नाहीं. परंतु यात्रेकरूंचे पाय थबकतात ते दोन झाडांपाशीं. एक पिंपळ, तो गांधीजींनीं १९३६ सालीं लावला. आणि दुसरी बकुळ, ती कस्तुरबांनीं लावली. आम्ही गेलों तेव्हां पिंपळाचीं जुनीं पानें पिवळीं होऊन गळत होतीं, आणि शेंड्याकडे तांबूस कोवळी पालवी फुटूं लागली होती. बकुळीनें नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. बकुळीचें फूल काय तें टिकलीएवढें. त्याच्या मधोमध जात्याच भोंक असल्यामुळें सुईवांचूनहि तें दोऱ्यांत ओंवतां येतें, आणि सुकलें तरी त्याचा वास कित्येक दिवस जात नाहीं. आपल्याकडील जुन्या बायका लुगड्यांच्या घडींत बकुळीचे वळेसर ठेवीत, हें पुष्कळांस आठवत असेल.

या दोन झाडांची कथा पाहिली तर, लावणाऱ्यांपैकीं कोणालाहि त्यांच्या पूर्ण सावलींत बसावयास मिळालें नाहीं. १९४२ च्या ऑगस्टांत कस्तुरबा व गांधीजी येथून मुंबईच्या अधिवेशनास गेले. तेथें धरपकड झाली. महादेवभाई देसाईंची येथील कुटी अजून त्यांच्या नांवानें उभी आहे; ते १५ ऑगस्ट १९४२ रोजीं पुण्यास आगाखान राजवाड्यांतील बंदिवासांत वारले. त्याच वाड्यांत २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं देह ठेविला. बा-कुटीची मालकीण पुन्हां बा-कुटींत आली नाहीं. ज्यांनीं ही जमीन दिली आणि ती कुटी बांधली ते जमनालालजीहि १९४२ च्या फेब्रुवारींतच गेले होते. त्यांनीं स्वतःसाठीं म्हणून बांधलेलें एक घर आवारांत आहे. गांधीजींचा शेवटचा मुक्काम त्यांत झाला, म्हणून त्याला आज आखरी निवास म्हणतात. २५ ऑगस्ट १९४६ रोजीं गांधीजी तेथून दिल्लीस जावयास निघाले. साबरमती सोडतांना परत न येण्याची प्रतिज्ञा होती. येथून निघतांना तसें कांहीं नव्हतें. मध्यें नौखालीचा वणवा पेटला, मग बिहार, मग कलकत्ता, मग दिल्ली. १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं इकडे येण्याचें त्यांनीं योजिलें होतें.

३० जानेवारीची हकीकत येथें पुन्हां सांगावयास नको. परंतु त्या दिवसानंतर जें झालें त्याचा आणि आमच्या वाचकवर्गाचा संबंध आहे, आणि या आवाराविषयीं लिहितांना तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. पुढील दिवसांत पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं, दुकानें लुटलीं गेलीं, कित्येक कुटुंबें पिढ्यानुपिढ्यांचे गांव सोडून शहरांत आलीं. त्यानंतर आपल्यापैकीं बऱ्याच घरांत एक चमत्कारिक मौन पसरलें. एका बाजूला लाज, दुसऱ्या बाजूला जखम. आणि दोहोंपैकीं एकीचें नांव काढलें कीं दुसरीचा अपमान होईल असें भय. त्यामुळें गांधीजींचें नांवच निघेनासें झालें. काशी-रामेश्वर करून आलेल्या, अजिंठा-वेरूळ दोनदां पाहिलेल्या आमच्या घरांतून सेवाग्रामास यापूर्वीं कोणी गेलें नव्हतें. वर्धा स्थानकावरून गाडी कितीदां तरी गेली असेल.

आमच्याबरोबर थोरल्या काकू होत्या. १९४८ सालीं त्या सहा वर्षांच्या होत्या. सातारा जिल्ह्यांतील त्यांच्या माहेरचा वाडा त्या वेळीं जळाला. धान्याचीं पोतीं दोन दिवस धुमसत होतीं, एवढेंच त्या सांगतात. त्यापुढें कधीं सांगत नाहींत. सेवाग्रामला जावयाचें ठरलें तेव्हां त्या येणार नाहींत असें आम्ही धरून चाललों होतों. त्या आल्या. आल्या त्या पिंपळाच्या बाजूला एका पारासारख्या जागीं बसल्या, आणि 'तुम्ही बघून या' म्हणाल्या.

त्यांना तेथून उठविलें तें परचुरे-कुटीनें. ही कुटी पाहिल्यावांचून सेवाग्राम पाहिलें असें म्हणूं नये. परचुरेशास्त्री हे संस्कृताचे चांगले पंडित. येरवड्याच्या तुरुंगांत ते गांधीजींचे सहबंदी होते. त्यांना कुष्ठ झालें. पुढें काय झालें असेल तें आपल्याच समाजांत पिढ्यान् पिढ्या घडत आलेलें आहे, तेव्हां त्याचें वर्णन नको. १९३९ सालीं ते सेवाग्रामांत येऊन दाखल झाले. त्या काळीं या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता आणि त्याच्या संसर्गाची धास्ती सर्वांना होती. गांधीजींनीं आश्रमवासीयांना विचारलें, त्यांची संमति घेतली, आणि शास्त्रीबोवांसाठीं आपल्या कुटीपासून थोड्याच अंतरावर झोपडी घालून दिली. गांवाबाहेर नव्हे, शेताच्या टोकाला नव्हे, हांकेच्या अंतरावर. गांधीजी रोज तेथें जात, त्यांच्या अंगाला स्वतः मालीश करीत. त्या प्रसंगाचें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. शास्त्रीबोवा आश्रमांतील मुलांना व मोठ्यांना संस्कृत शिकवीत. आश्रमांत लागलेल्या लग्नाचें पौरोहित्यहि त्यांनीं केलें. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेष वेधूं इच्छितों. शुश्रूषा करणें दयेंत मोडतें. पण ज्याला शुभकार्याच्या मांडवाच्या आसपास कोणी फिरकूं दिलें नसतें, त्यालाच अंतरपाटापाशीं उभा करून मंगलाष्टकें म्हणावयास लावणें, ही गोष्ट दयेच्या पलीकडची आहे. पुढें ते वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामांत राहावयास गेले. मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं तें सुरू केलें होतें. तेथेंच १९४५ सालीं शास्त्रीबोवा वारले.

काकू त्या दाराशीं बराच वेळ उभ्या राहिल्या. नंतर त्यांनीं विचारलें, "शास्त्रीबोवांचें ताट कोण वाढत असे?" प्रश्न अगदीं घरगुती, आणि आमच्या मतें अगदीं मुद्द्याचा. आपल्या घरांत कोण आपलें आणि कोण परकें हें ताटावरूनच ठरत आलें आहे. आम्ही सर्व एकमेकांकडे पाहूं लागलों. शेवटीं आमच्या पुतणीनें, ती वैद्यकाचा अभ्यास करते, तो रोग जंतूंपासून होतो, बहुतेक माणसांच्या अंगीं त्याला तोंड देण्याची शक्ति असते, आणि १९८० नंतर निघालेल्या संयुक्त औषधोपचारानें तो पूर्ण बरा होतो, इत्यादि माहिती सांगितली. काकूंनीं ती ऐकून घेतली. "हें तेव्हां कोणाला ठाऊक होतें?" एवढेंच त्या म्हणाल्या, आणि आपण होऊन पावलें मोजीत बापू-कुटीच्या ओसरीपर्यंत गेल्या.

बागेसंबंधीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती नाक मुरडण्यासारखी वाटेल. या आवाराचा पाया खतावर आहे. झाडलोट आणि संडाससफाई ही आश्रमांत प्रत्येकाची पाळीपाळीची कामें होतीं. पंडित असो, डॉक्टर असो, कीं विलायतेहून आलेला पाहुणा असो. मैला चरांत घालून मातीनें झांकावा आणि त्याचें खत करून जमिनीला परत द्यावें, यासंबंधीं गांधीजींनीं पुष्कळ लिहिलें. इंदूर येथें सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं बसविलेल्या कंपोस्ट खताच्या पद्धतीची माहितीहि त्यांनीं 'हरिजन' पत्रांतून लोकांपुढें मांडली. ज्या कामासाठीं आपण माणसांची एक जातच वेगळी काढून ठेवली, तें काम येथें बागकामाचा पहिला धडा होता. नयी तालीम म्हणून जी शिक्षणपद्धति १९३७ च्या वर्धा परिषदेंतून निघाली, तिची शाळा शेजारींच होती. आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्यानें ती चालविली. मध्यंतरीं ती बंद पडली होती. २००५ सालीं आनंद निकेतन या नांवानें ती पुन्हां सुरू झाली. तेथील मुलें वाफ्यांत भाजी लावतात आणि त्याच वाफ्यांवर गणित शिकतात. अशी शाळा सर्वत्र चालेल कीं नाहीं याविषयीं आम्हांस शंका आहे. शहरांतील पालक पहिल्या महिन्यांतच गुणपत्रक मागतील. पण मुलांचे हात मातीचे होते आणि चेहरे कंटाळलेले नव्हते, एवढें आम्हीं पाहिलें.

आवाराबाहेर मात्र सगळें असेंच आहे असें नाहीं. वर्ध्याहून येणारा रस्ता रुंद करण्यासाठीं २०२० सालीं दुतर्फाचीं कित्येक जुनीं झाडें तोडण्यांत आलीं. लोकांनीं विरोध केला तेव्हां तोड थांबली. जीं गेलीं तीं गेलीं. यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून रस्ता रुंद करावयाचा, आणि यात्रेकरू जें पाहावयास येतात त्याचीच वाटचाल उघडी बोडकी करावयाची, हा व्यवहार आम्हांस समजत नाहीं. रस्त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्यांनीं वैशाखांत एकदां दुपारीं बारा वाजतां तेवढें अंतर पायीं चालून पाहावें.

मातीचीं घरें टिकवावयाचीं म्हणजे तीं दरसाल नव्यानें करावीं लागतात. पाऊस भिंती धुऊन नेतो, वाळवी बांबू पोखरते, माकडें कवेलू उलथतात. जमीन सारवावी लागते, भिंती लिंपाव्या लागतात, कवेलू चाळावे लागतात. दगडी स्मारकाला पन्नास वर्षें कोणी हात लावला नाहीं तरी तें उभें राहतें. या झोपड्यांकडे दोन पावसाळे दुर्लक्ष केलें तर त्या मातींत मिळतील. आज या कुट्या जशाच्या तशा दिसतात त्याचा अर्थ एवढाच कीं १९४६ पासून आजतागायत कोणी ना कोणी दर वर्षीं चिखल मळीत आलें आहे. त्यांचीं नांवें कोठल्याहि पाटीवर नाहींत.

जाणाऱ्यांच्या माहितीसाठीं दोन शब्द. रस्त्यापलीकडे यात्री-निवास आहे, राहणी साधी. कुट्यांत शिरतांना पादत्राणें बाहेर ठेवावीं लागतात, तेव्हां म्हाताऱ्या माणसांसाठीं उन्हाच्या आधीं जाणें बरें. जवळच पवनारला धाम नदीच्या कांठीं विनोबांचा आश्रम आहे. तेथें विनोबा १९३८ सालीं राहावयास गेले. शेताची जमीन खणतां खणतां त्यांना पुरातन मूर्ति सांपडल्या. त्यांतील भरत-राम भेटीचें शिल्प पाहिल्यावांचून परतूं नये. १९५९ सालीं विनोबांनीं तेथें स्त्रियांसाठीं ब्रह्मविद्यामंदिर स्थापिलें. दोन्हीं स्थळें एका दिवसांत उरकतां येतात, पण उरकूं नयेत. सेवाग्रामांत रात्र काढावी, म्हणजे दोन्हीं वेळची प्रार्थना सांपडते.

सायंकाळची प्रार्थना उघड्या पटांगणांत होते. छप्पर नाहीं, मूर्ति नाहीं. आरंभीं जपानी बौद्धांचा मंत्र म्हणतात. एक जपानी भिक्षु आश्रमांत राहून गेला, त्याची ती आठवण. मग ईशावास्याचा मंत्र, कुराणांतील वचनें, पारशी प्रार्थना अशीं येतात. काकू मागच्या बाजूस बसल्या होत्या. हें सगळें त्यांना नवीन होतें. त्या हात जोडून पण ओंठ मिटून बसल्या होत्या. नंतर स्थितप्रज्ञाचीं लक्षणें सुरू झालीं. दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे एकोणीस श्लोक, त्यांच्या माहेरीं रोज दिवेलागणीला म्हटले जात. दुसऱ्या श्लोकापासून त्यांचा आवाज आम्हांस ऐकूं येऊं लागला. म्हणण्याची चाल येथली निराळी आणि त्यांची निराळी, त्यामुळें त्या किंचित् पुढें जात, मग थांबत, आणि इतरांना गांठीत. शेवटचा श्लोक संपेपर्यंत अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशीं पहाटेची प्रार्थना आटोपल्यावर आम्ही आवारांत फिरत होतों. रात्रभर वारा होता. पिंपळाच्या आणि निंबाच्या पानांचा खालीं सडा पडला होता. दोन बाया खराट्यानें तो गोळा करीत होत्या. पानें टोपल्यांत भरून त्या मागच्या खड्ड्याकडे नेत होत्या. काकूंनीं एकीला विचारलें, "रोज एवढीं पडतात का हो?" ती म्हणाली, "शिमगा जाईतोवर पडतेत, आजी. मंग सावलीच सावली."